थांबायचा पट्टा

१२ जानेवारी

प्रति,
मा. प्रमुख, अंडररायटिंग विभाग,
मुख्य कार्यालय.

विषय : हौशी ड्रॅग रेसर्सना एका दिवसापुरतं विमासंरक्षण मिळण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने नम्रपणे कळवतो, की आमच्या गावाबाहेर मालवाहू विमानांची एक बंद पडलेली धावपट्टी आहे. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी तिथे हौशी मंडळी ड्रॅग रेस लावतात. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा झाला की सुटतात, आणि पाव मैलावरच्या रेषेला जी आधी पोचेल ती जिंकते. वळण नाही, चढ नाही, समोरून येणारं कोणी नाही. भाग घेणारे धंदेवाईक नाहीत. एक बेकरीवाला आहे, दातांची एक डॉक्टर आहे, फर्निचर बनवणारे दोघे भाऊ आहेत, आणि एक मुलगी आहे, ती इंजिनं ट्यून करते.

आपल्या मोटार पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली आहे. म्हणजे घरून निघालेली गाडी धावपट्टीच्या फाटकापर्यंत विम्याखाली असते आणि फाटकातून आत शिरली की पोरकी होते. धावपट्टीच्या मालकीणबाईंनी आता बजावलं आहे, की मार्चअखेर रेसिंगचा विमा दाखवा, नाहीतर डांबर उखडून मका लावते. त्या निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. लावते म्हणाल्या म्हणजे लावतील.

तरी फाटक ते फाटक असं एका दिवसाचं संरक्षण देण्याचा विचार व्हावा. पट्ट्याचा नकाशा सोबत जोडला आहे.

आपला विश्वासू,
आपला जुना एजंट

ता. क. : वर उल्लेखलेली इंजिनवाली मुलगी आपल्या परिचयाची असण्याची शक्यता आहे. ती एका जागी बसत नसे म्हणून तिला ‘भिंगरी’ हे नाव आपणच ठेवलं होतं.


२७ जानेवारी

दादा,

उत्तर मिळालं. पाकिटावर मुख्य कार्यालयाचा शिक्का पाहून वाटलं होतं, पाच वर्षांनी तुमचं अक्षर बघायला मिळेल. आत टाइप केलेला कागद निघाला. सही तेवढी तुमची, शेवटी तीच तलवार काढलेली. तुमच्या बहिणीने कागद हातात घेतला, मजकूर वाचलाच नाही, सही बघितली आणि म्हणाली, “हात थरथरत नाही अजून.” मग गुडघ्याचं काय झालं विचारा म्हणाली. आणि मी विचारलंय असं लिहू नका, असंही म्हणाली. तर तिने विचारलेलं नाही, पण गुडघा कसा आहे?

आता कामाचं. तुम्ही नकाराची तीन कारणं दिली आहेत. पैकी तिसरं आधी घेतो, कारण ते मला सगळ्यात आवडलं. ‘प्रकरण नात्यातील असल्याने अधिक काटेकोरपणे पाहावे लागेल.’ अवश्य पाहा. पण नातं आहे हे तुम्ही सहीनिशी मान्य केलंत, याचा इथे फार आनंद झाला. कागद जपून ठेवला आहे.

आपण शेवटचे बोललो ते तुमच्याच घरी, जेवताना. भिंगरीने तुम्ही लावून दिलेली मुख्य कार्यालयातली नोकरी दीड महिन्यात सोडली होती. तुमचा शब्द खाली पडला, वरिष्ठांसमोर मान खाली गेली, ते मला तेव्हाही समजत होतं. पण तुम्ही वाढता वाढता म्हणालात, “मेकॅनिकची पोर, शेवटी ग्रीसमध्येच हात घालणार.” मी ताटावरून उठलो. माझ्यामागे तुमची बहीण उठली. भिंगरी मात्र उठली नाही, दादा. तिने पानातलं सगळं संपवलं, तुमच्या पाया पडली आणि मग आली. गाडीत मी तिला विचारलं, “तू का नाही उठलीस?” म्हणाली, “खरं तेच बोलले की मामा. त्यात उठायचं काय?”

मला वाटलं, पोरीला अपमान कळला नाही. नंतर लक्षात आलं, तिला तो लागलाच नव्हता.

तर माहितीसाठी कळवतो, की हात ग्रीसमध्येच आहेत. स्वतःचं वर्कशॉप आहे. दोन लिफ्ट, एक कॉम्प्रेसर, हाताखाली चार माणसं. दारात गाड्यांची रांग असते, आणि त्या रांगेत तुमच्या कंपनीच्या इथल्या शाखाधिकाऱ्याचीही गाडी असते. मी तिचा बाप असून मला रांग मोडू देत नाही.

ग्रीसचं म्हणाल तर मीही त्यातूनच वर आलो. ज्या गॅरेजात मी शिकलो तिथला उस्ताद मला ‘स्टेथो’ म्हणायचा. गाडी फाटकात शिरली की बॉनेट उघडायच्या आत मी तिचं दुखणं सांगायचो. पुढे पॉलिस्या विकू लागलो तेही कानाच्याच जोरावर. गिऱ्हाईक जिना चढत असतानाच मला खालच्या गाडीवरून कळायचं, हा माणूस तेल वेळेवर बदलतो की नाही. जो बदलत नाही त्याला मी चहा पाजून दुसऱ्या कंपनीकडे पाठवायचो. माझ्या वहीत क्लेम कमी का, असं तुम्ही एकदा सगळ्यांसमोर विचारलं होतंत. आज सांगितलं.

उरलेल्या दोन कारणांबद्दल नंतर लिहितो. खाली कोणीतरी घसरणारा क्लच घेऊन आलंय.

तुमचा,
मेहुणा


८ फेब्रुवारी

दादा,

तुम्ही एका ओळीत उत्तर धाडलंत. ‘उरलेल्या मुद्द्यांचा खुलासा करावा.’ आणि त्याखाली पेनाने, ‘गुडघा बरा आहे.’ तुमच्या बहिणीने ती ओळ वाचली, आणि दुपारी ती गाणं म्हणत होती. माझ्या कानावर पडू नये एवढ्या हळू आवाजात.

तुमचा पहिला मुद्दा : असा विमा आधी कोणी उतरवलेला नाही, तेव्हा नुकसानीचा अंदाज कसा बांधायचा? रास्त आहे. यावर एक किस्सा सांगतो. तो मी ऑफिसात कधी कळवला नाही, कारण कळवण्यासारखं काही घडूच दिलं नाही.

दीड वर्षापूर्वी आमचा बेकरीवाला माझ्या ऑफिसचा जिना चढून आला. मागे तीन मित्र, तिघांची तोंडं उतरलेली. खाली टायरच्या दुकानासमोर त्याची गाडी उभी, नाक चेपलेलं.

“काका, क्लेम करायचाय. हायवेवर खांब एकदम समोर आला.”

“खांब आला?”

“म्हणजे मीच गेलो.”

“वेग किती होता?”

“हळूच चाललो होतो. पाव द्यायला.”

मी खाली उतरलो आणि मागच्या टायरवरून हात फिरवला. ड्रॅगवाले सुटण्याआधी गाडी जागच्या जागी ठेवून मागची चाकं गरागरा फिरवतात. रबर तापून चिकट झालं की पकड चांगली येते. त्याच्या टायरांवर त्या जळक्या रबराच्या साली अजून चिकटलेल्या होत्या.

“का रे,” मी म्हटलं, “खांबाला धडकायला निघालेला माणूस आधी टायर तापवून घेतो का?”

चौघेही बुटांकडे बघायला लागले. गाडी धडकली होती धावपट्टीवर, सिमेंटच्या कठड्याला. या शहाण्यांनी ती ढकलत हायवेवर नेली आणि खांबाला टेकवून फोटो काढले. खांबाला ओरखडाही नव्हता. मी त्यांना हाकलणार तेवढ्यात मागून भिंगरी आली. तिला कोणी तरी कळवलं होतं. मला वाटलं, ती त्यांच्यावर तुटून पडेल. तुटून पडली ती माझ्यावर.

“बाबा, तो खोटारडा नाहीये.”

“मग हा खांब काय स्वप्नात दिसला?”

“खोटं बोलला, चुकलाच. पण त्याने खरं कुठे बोलायचं तेवढं सांगा. खरं बोलणाऱ्याला तुमच्याकडे पॉलिसीच नाही. जास्त हप्ता घ्या, कडक नियम लावा, पण खरं बोलून उतरवता येईल असा एक तरी कागद ठेवा की!”

मी तीस वर्षं विमा विकतोय, दादा. या धंद्यावर असा नेमका ठपका मी कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. आणि ऐकला तो घरात.

क्लेम मी भरला नाही. बेकरीवाल्याने सहा महिने सायकलवरून पाव वाटले आणि गाडी स्वतः उभी केली. पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हा कागद आहे. माझा खुलासा एवढाच, की नुकसानीचा अंदाज तुमच्याकडे आजही नाही, कारण आजची सगळी नुकसानं हायवेवरच्या खांबांच्या नावावर जमा होतायत. दार उघडलंत तर आकडे आपोआप आत येतील.

आता तुमचा दुसरा मुद्दा. तो मला टोचला. ‘हौशी माणसाला कुठे थांबायचं हे कळत नाही.’

हे वाक्य मी भिंगरीला वाचून दाखवलं. मला वाटलं, चिडेल. ती हसली. “मामांचं बरोबर आहे,” म्हणाली, “म्हणून मी पट्टा थांबण्यापासून आखला.” नकाशा पुन्हा एकदा बघा. धावायचा पट्टा पाव मैल आहे. त्यापुढचा मोकळा पट्टा गाडी थांबवण्यासाठी, तो धावायच्या पट्ट्याच्या दुप्पट लांब. त्याच्याही पुढे वाळू. बेकरीवाल्याच्या गाडीचं नाक ज्या कठड्यावर फुटलं तो तिने स्वतः उभं राहून फोडून घेतला. लोक रेस म्हटलं की सुटायचं बघतात, ही पोर आधी थांबायचं बघते.

तपासणीही तिचीच. सीटचे पट्टे, हेल्मेट, बॅटरी बांधलेली हवी, खाली तेलाचा एक थेंब दिसता कामा नये. मागच्या महिन्यात दातांची डॉक्टर, म्हणजे हिची जिवाभावाची मैत्रीण, तिची गाडी हिने परत पाठवली. हेल्मेटची मुदत संपली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अगं, आजच्या दिवस चालव ना.” ही म्हणाली, “तू मुदत संपलेलं इंजेक्शन आजच्या दिवस देतेस का?” दोघी आठवडाभर बोलत नव्हत्या. मग नवं हेल्मेट आलं, आणि हिची दाढ दुखायला लागली, त्यामुळे मिटलं.

हिची स्वतःची गाडी कोण तपासतं, असा तुमचा प्रश्न येणार हे मला इथून ऐकू येतंय. माझा म्हातारा उस्ताद तपासतो. आपली गाडी आपणच पास करायची नाही, हाही तिचाच नियम.

तुमचा,
मेहुणा


१७ फेब्रुवारी

दादा,

तुमची मंजुरी मिळाली. फक्त येत्या शेवटच्या रविवारपुरती, कंपनीच्या निरीक्षकाच्या हजेरीत. एक जरी क्लेम आला तरी हा विषय कायमचा बंद, हेही वाचलं. भिंगरीला वाचून दाखवलं तेव्हा ती स्पॅनर पुसत होती. म्हणाली, “बरोबर आहे. मीही असंच लिहिलं असतं.”

मंडळींना जमवून सांगितलं. फर्निचरवाल्या भावांपैकी धाकट्याने विचारलं, “म्हणजे कोणी धडकायचंच नाही?” थोरला म्हणाला, “एरवी तू ठरवून धडकतोस काय?” मालकीणबाईही आल्या होत्या. शेवटी उठून म्हणाल्या, “बियाणं मी आणून ठेवलंय. घाई कोणालाच नाही.”

खरं सांगू का, मला आहे. पोरीने त्या पट्ट्यावर जीव टाकलाय. ट्यून करून दिलेली गाडी शेवटपर्यंत दाबून बघायला दुसरी जागा नाही. पट्टा गेला तर ही सगळी मंडळी रस्त्यावर शर्यती लावतील. तिथे ना तपासणी, ना वाळू. आणि ही पोर वर्कशॉप चालवेल, पोट भरेल, सगळं करेल, पण भिंगरी राहणार नाही.

निरीक्षकाला गाडी पाठवू का, ते कळवा. तुम्ही स्वतः आलात तर मी स्वतः येईन घ्यायला. नाही म्हणालात तरी राग नाही. विचारायचं काम केलं.

तुमचा,
मेहुणा


फेब्रुवारीचा शेवटचा रविवार, संध्याकाळ

दादा,

तुम्ही आला नाहीत. तुमचा माणूस आला. मोठा सज्जन गृहस्थ. इस्त्रीचे कपडे, पॉलिश केलेले बूट, बगलेत छत्री, आभाळात ढगाचा पत्ता नाही. फाटकावर सगळ्यांना कानात घालायला कापूस देतात, त्याने दोन वेळा मागून घेतला. मलाही पुढे केला. मी म्हटलं, “कान झाकले तर माझ्याजवळ दुसरं काहीच उरत नाही.” त्याला वाटलं मी विनोद करतोय.

त्याचा अहवाल दोन दिवसांत तुमच्या टेबलावर येईल. माणूस प्रामाणिक आहे, जे दिसलं ते लिहील. शेवटच्या फेरीबद्दल त्यात असं एखादं वाक्य असेल, ‘आघाडीवरील वाहन मध्येच मंदावले व सुरक्षित थांबले. नुकसान नाही. क्लेम नाही.’ त्या वाक्याच्या पोटात काय आहे ते त्याला कळलेलं नाही, कारण त्याच्या कानात कापूस होता. म्हणून हे पत्र.

दिवसभर सगळं सुरळीत पार पडलं. इतकं, की तुमचा माणूस दुपारनंतर छत्रीने दाखवून लोकांना नियम सांगायला लागला. शेवटच्या फेरीला दोन गाड्या उरल्या. एक बेकरीवाल्याची आणि एक भिंगरीची. तुमची बहीण माझ्या शेजारी खुर्चीत होती. ती शर्यत कधी बघत नाही, पदर तोंडाशी धरून जमिनीकडे बघत बसते, आणि तरी दर महिन्याला येते. उस्ताद पलीकडे स्टुलावर. मी कुंपणाला धरून उभा, पट्ट्याच्या मध्याच्या थोडा पुढे, कारण गाडीचं खरंखोटं तिथे कळतं. सुटताना सगळ्याच गाड्या गर्जतात.

दिवा हिरवा झाला. बेकरीवाला जरासा आधी हलला, पण भिंगरीने त्याला दुसऱ्या गिअरमध्ये गाठलं आणि तिसऱ्यात अर्धी गाडी पुढे काढली. लोक उभे राहिले होते. मी तिच्या इंजिनाचा आवाज ओळखतो, दादा, जसं आपण जिन्यावरचं पाऊल ओळखतो. एकसंध, भरदार. आणि तिसऱ्या गिअरमध्ये त्या आवाजाच्या खाली मला दुसरा एक आवाज आला. ठोका म्हणावा एवढाही नाही. बंद दाराआडून कोणी बोटाच्या पेराने हलकं वाजवावं, तसा.

मला माहीत होतं ते काय आहे. इंजिनाच्या पोटातलं बेअरिंग झिजायला लागलं की आधी असं हळूच सांगतं. अजून थोडं दाबलं असतं तर आतला दांडा इंजिन फोडून बाहेर, तेल पट्ट्यावर, आणि त्या तेलावरून तिचीच मागची चाकं. त्या वेगात. शेजारी बेकरीवाला.

मी म्हटलं, “सोड.”

ओरडलो नाही. ओरडलो असतो तरी त्या गोंगाटात माझं मलाच ऐकू आलं नसतं. तोंडातल्या तोंडात म्हटलं. आणि माझे ओठ मिटायच्या आत तिने सोडलं.

दादा, मी पुन्हा लिहितो, म्हणजे तुम्ही ते ओझरतं वाचून पुढे जाणार नाही. अर्धी गाडी पुढे होती. रेषा समोर दिसत होती. वर्षभर ती या फेरीसाठी धडपडत होती. तेलाच्या काट्याने काही दाखवलं नव्हतं, दिवा लागला नव्हता. हेल्मेट डोक्यात, दोन इंजिनं फाटेपर्यंत ओरडतायत. त्यात तिने पेराएवढा आवाज ऐकला आणि पाय उचलला. बेकरीवाला बाणासारखा पुढे गेला, जिंकला. तिने इंजिन बंद केलं, खिडकीतून हात बाहेर काढून खूण केली आणि गाडी आपल्या कडेने आणत त्या लांबलचक पट्ट्यावर नुसती घरंगळत नेली. आवाज नाही, धूर नाही. वाळूपर्यंत जायची वेळच आली नाही.

लोक हळहळले. तुमचा माणूस मला म्हणाला, “बिघाड झाला वाटतं?” मी म्हटलं, “नाही साहेब, व्हायचा राहिला.” त्याने कानातला कापूस काढून “काय म्हणालात?” विचारलं. मी म्हटलं, “लिहा, नुकसान नाही.”

उस्ताद स्टुलावरून उठला होता. माझ्याकडे बघून त्याने स्वतःच्या कानाला बोट लावलं. एवढंच.

आम्ही तिथे पोचलो तोवर ती बॉनेटला टेकून उभी होती. हेल्मेट काखेत, केस घामाने चिकटलेले.

“कुठे ऐकलंत?” तिने मला विचारलं.

“तिसऱ्यात.”

“मी पण.”

तिने खालचं बूच उघडलं आणि तेल भांड्यात काढलं. तेलात धातूची चमकी होती. सकाळी उस्तादने हीच गाडी तपासली होती, तेव्हा तेल स्वच्छ होतं. त्याने भांडं उजेडात तिरपं धरून बघितलं आणि मला म्हणाला, “स्टेथो, आता तू घरी बस. तुझी गरज संपली.” आयुष्यात मला अनेकांनी शाबासकी दिली, कंपनीने दोन ढालीही दिल्या. त्यांतली एक फडताळाचं दार उघडं राहावं म्हणून लावलेली आहे. पण हे वाक्य मी मरेपर्यंत जपणार.

बेकरीवाला चषक हातात घेऊन आला. त्याचा चेहरा हरल्यासारखा होता. “ताई, हे मी घेऊ की नको? मी तर मागे होतो.”

“मागे होतास, पण रेषा तू ओलांडलीस. घे.”

“पुन्हा एकदा धावू. तुझं इंजिन झालं की.”

“धावू. आणि टायर नीट तापव रे. दुसऱ्या गिअरला घसरत होतास.”

तुमची बहीण तोवर मागून आली. तिने पोरीचं तोंड पदराने पुसलं आणि म्हणाली, “हरलीस का गं?” भिंगरी म्हणाली, “हो.” तेव्हा ही म्हणाली, “बरं झालं.” आयांचं गणित वेगळं असतं.

मी रडलो नाही. तुमची बहीण म्हणते, रडलो. ती आत्ता माझ्या खांद्यावरून हे वाचतेय, म्हणून तिचंही लिहून ठेवतो.

तुम्ही लिहिलं होतंत, हौशी माणसाला कुठे थांबायचं हे कळत नाही. मी त्यावर खुलासा पाठवला, नकाशा पाठवला, नियम पाठवले. खरं उत्तर आज आलं, आणि ते मला देता आलं नसतं. अहवाल वाचून तुम्हाला काय ठरवायचं ते ठरवा. नकार आला तर मालकीणबाई मका लावतील, आणि मी माझ्या पोरीकडे बघून म्हणेन, हिला थांबता येतं. हे समजायला मला कंपनीची सही लागत नाही.

पट्टा राहावा असं मात्र फार वाटतं.

तुमचा,
मेहुणा


१४ मार्च

दादा,

संपूर्ण हंगामाची मंजुरी मिळाली. कागद फाटकावर काचेत लावला आहे. मालकीणबाईंनी मक्याचं बियाणं दुकानदाराला परत केलं. फर्निचरवाल्यांनी लाकडी चौकट करून दिली, फुकट, फक्त खाली आपला पत्ता कोरून घेतला. बेकरीवाल्याने पॉलिसीचा पहिला अर्ज भरला आणि ‘यापूर्वी अपघात?’ या रकान्यात धावपट्टीवरचा कठडा लिहिला, तारखेसकट. खांबाचं नाव नाही. तो अर्ज घेताना माझी मान ताठ होती, हे तुम्ही लक्षात घ्या.

पण हे पत्र त्यासाठी नाही. परवा तुम्ही वर्कशॉपवर फोन केलात. तुम्हाला वाटलं असेल, तुम्ही तिच्याशी एकटीशी बोलताय. तिचे दोन्ही हात ग्रीसमध्ये होते, म्हणून तिने तो स्पीकरवर टाकून गाडीच्या मडगार्डवर ठेवला होता. मी मागे स्टुलावर चहा पीत होतो. मी तिथे आहे हे मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. तुमचा आवाज पाच वर्षांनी ऐकत होतो, आणि चहा पहिल्यांदाच गार झाला.

तुम्ही विचारलंत, “भिंगरी, काट्याने काही दाखवलं नव्हतं म्हणतात. मग कळलं कसं?”

“ऐकू आलं, मामा.”

“एवढ्या गोंगाटात?”

“ऐकण्यासारखं गोंगाटातच असतं. शांततेत कोणीही ऐकेल.”

लिफ्टवरची गाडी खाली उतरत होती, पलीकडे कॉम्प्रेसर भरत होता, आणि त्या सगळ्यात मला तुमचा श्वास ऐकू येत होता. मग घसा खाकरून तुम्ही म्हणालात, “कान बापाचे आले तुला.”

“हो, मामा,” ती म्हणाली. “हातही.”

तुम्ही हसलात. आधी नाकातून, मग मोकळे. ते हसणं मी घरी जाऊन तुमच्या बहिणीला जसंच्या तसं करून दाखवलं. तिने दोनदा करायला लावलं. मग पिठाच्या हातांनी खिडकीशी जाऊन उभी राहिली. ती तुम्हाला पत्र लिहिणार नाही म्हणते. पण तुमच्यासाठी खुर्ची तिने स्वतःच्या शेजारी धरून ठेवायला सांगितली आहे, सावलीतली, गुडघ्याला मानवेल अशी उंच.

शेवटच्या रविवारी या. भिंगरीचं नवं बेअरिंग बसलंय, ती धावणार आहे. फाटकावर कापूस देतील. घेऊ नका.

तुमचा,
मेहुणा